तिसऱ्या भागाची बाजू

"ही अन्विता नाहीच," मी म्हणाले आणि पुस्तक गच्चीच्या कठड्यावर पालथं ठेवलं. "हिला कुणीतरी बदलून आणलंय."

ताई पापडांपाशी काठी घेऊन बसली होती. मे महिना होता. आईनं सकाळीच उडदाचे पापड लाटून जुन्या साडीवर वाळत घातले होते आणि कावळ्यांची राखण आम्हा दोघींवर सोपवून ती खाली आडवी झाली होती. माझी दहावीची परीक्षा झाली होती. ताई फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होती, तिचा साखरपुडा होऊन गेला होता आणि दिवाळीनंतर लग्न व्हायचं होतं. तिच्या उजव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं. कॉलेजच्या जिन्यात पाय घसरला असं तिनं घरी सांगितलं होतं, त्यामुळे पापड लाटण्यातून तिची सुटका झाली होती.

"पूर्ण वाचलंस का?" तिनं विचारलं.

"पूर्ण वाचलं म्हणूनच म्हणतेय."

"मला आवडला तिसरा भाग," ताई म्हणाली. "तिन्हींत जास्त हाच आवडला."

ती चेष्टा करत असेल असं वाटलं, पण तिचं लक्ष कावळ्यांकडे होतं.

आम्हा दोघींना वाचायची गोडी लागली ती ह्याच पुस्तकांमुळे. 'खिडकीजवळची', 'खिडकीबाहेरची' आणि 'खिडकीमागची' अशी ती तीन भागांतली प्रेमकथा होती आणि आमच्या कराडातल्या शाळा-कॉलेजांतल्या मुलींना तिनं अगदी वेड लावलं होतं. महिला मंडळाच्या वाचनालयात प्रत एकच यायची. नंबर लावावा लागायचा. आमचा नंबर लागला की आम्ही एकाच उशीवर डोकी टेकून वाचायचो आणि माझं पान आधी संपलं तरी ताईचं होईपर्यंत मला थांबावं लागायचं, कारण ती एकेक वाक्य चाखत वाचायची.

पहिल्या भागात अन्विता दहावीत असते आणि तबला वाजवते. शाळेत नवा आलेला शंतनू गॅदरिंगसाठी गाणं बसवत असतो. तालमीत ती मध्येच हात थांबवते आणि सगळ्यांच्या देखत त्याला सांगते, तू लय सोडतोस. तो लाजेनं लाल होतो, निघून जातो. मग दिवाळीची अख्खी सुट्टी तो रियाज करतो, शाळा उघडल्यावर तिच्या खिडकीपाशी येतो, गाऊन दाखवतो आणि एकच शब्द विचारतो, "आता?" झालं, एवढंच त्यांचं प्रेम. पण तो "आता?" वाचून आम्ही दोघी पांघरुणात तोंड खुपसून किती वेळ हसत होतो. पुढे कितीतरी महिने भाजीला मीठ कमी पडलं आणि आईनं ते घातलं, की मी चव घ्यायच्या आधीच ताई मला विचारायची, "आता?"

दुसऱ्या भागात दोघं पुण्याला कॉलेजात जातात. अन्विता दुसऱ्याच एका मुलाच्या गाण्याला साथ करायचं कबूल करते. शंतनू रुसतो, जाऊ नकोस म्हणतो. ती जाते. इथपर्यंत आम्ही खूश होतो. पण परत आल्यावर ती दोन पानं भरून त्याची माफी मागते. ते वाचून ताई उठून बसली होती. म्हणाली, "माफी कशाची? हिनं केलंय काय? माफी लेखिकेनं मागायला पाहिजे, आपल्या सगळ्यांची." हे वाक्य मी शाळेत माझं म्हणून खपवलं होतं आणि त्यावर पुष्कळ भाव खाल्ला होता.

आणि आता हा तिसरा भाग. ह्यात त्यांचं लग्न झालेलं असतं. तबला कपाटावर, कापडात गुंडाळलेला. शंतनू नोकरीत वैतागलेला असतो आणि एका संध्याकाळी, ती शेजारणीकडे जरा जास्त वेळ बसली म्हणून, जिन्यात तिच्या थोबाडीत मारतो. मग लगेच पायरीवर बसून रडतो. ती त्याचे डोळे पुसते. तिथे लेखिका लिहिते, 'रागाच्या तळाशी प्रेमच साठलेलं असतं.' शेवटी अन्विता बाळाला झोपवताना पावडरच्या डब्यावर बोटांनी ठेका धरते आणि मनात म्हणते, माझी मैफल ती हीच. पुस्तक तिथे संपतं.

मी संतापले होते. जिनं भर तालमीत त्याला लय सोडतोस म्हणून सुनावलं, तिनं थोबाडीत खाऊन डोळे पुसावेत? त्याचे? आणि ह्याला गोड शेवट म्हणायचं? मी ताईला हे सगळं सांगितलं, एकेक पान उघडून सांगितलं. एरवी अशा वेळी ती माझ्यापेक्षा दोन पावलं पुढे असायची. त्या दिवशी म्हणाली, "तू लहान आहेस. लग्न म्हणजे गॅदरिंग नसतं."

"म्हणून मारायचं?"

"एकदाच मारतो तो. आणि त्याला किती वाईट वाटतं ते नाही वाचलंस?"

माझ्या मागून कावळ्यानं एक पापड उचलून नेला. आम्हा दोघींपैकी कुणीच उठलं नाही.

मला वाटलं, रणजितमुळे ही मवाळ झालीय. रणजित जगदाळे म्हणजे ताईचा होणारा नवरा. ताईच्या मैत्रिणीच्या लग्नात त्यानं तिला बघितलं होतं आणि रीतसर मागणी घातली होती. दिसायला देखणा, बांधकामाचा धंदा, कॉलनीत पहिल्यांदा दारात येऊन उभी राहिलेली पांढरी गाडी त्याचीच. पप्पांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. एवढ्या मोठ्या घरून मागणी आली ह्याचं त्यांना अप्रूप होतं आणि थोडं दडपणही. रणजित पप्पांच्या पाया पडायचा, आईला डब्यातून आंबे पाठवायचा, मला चॉकलेट आणायचा. ताईचा फोन पाण्यात पडून खराब झाला तर दुसऱ्याच दिवशी त्यानं नवाकोरा फोन घरी आणून दिला होता. आईनं तो शेजारी नेऊन दाखवला होता.

त्याच आठवड्यात वाचनालयाच्या खटावकर बाईंनी चर्चा ठेवली. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, स्पष्टवक्त्या आणि नाकावर राग असलेल्या. मुली नुसत्या पुस्तकं नेतात आणि आणतात, बोलत काही नाहीत, अशी त्यांची तक्रार असायची. म्हणून त्यांनी ठरवलं, रविवारी संध्याकाळी तिन्ही भाग टेबलावर ठेवायचे आणि सरस कोणता ते मुलींनीच बोलून दाखवायचं. पहिल्या भागाच्या बाजूनं बोलायला मी हात वर केला. दुसऱ्यासाठी एक मुलगी मिळाली. तिसऱ्या भागाच्या बाजूनं मात्र कुणी तयार होईना. बाई म्हणाल्या, बाजू रिकामी राहिली तर चर्चा कसली. तेव्हा ताई म्हणाली, "मी बोलते."

रविवारी वाचनालयाची खोली भरली होती. मुली होत्या, काहींच्या आया होत्या, मंडळाच्या दोन-तीन बायका होत्या. मी आधी बोलले. खूप बोलले. पहिल्या भागात अन्विताची वाक्यं छोटी आणि ठाम आहेत, दुसऱ्यात ती लांबत जातात, तिसऱ्यात तर ती वाक्य पूर्णच करत नाही, तिच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी टिंबं आहेत, हे मी पानं उलटून दाखवलं. पहिल्या भागात शंतनू चुकतो आणि सुधारतो, तिसऱ्यात तो चुकतो आणि रडतो, आणि रडण्यालाच सुधारणं समजायचं असं लेखिका आपल्याला सांगते, हेही म्हणाले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मला चांगलाच जोर चढला होता.

मग ताई उभी राहिली. तिनं पुस्तक हातात घेतलं नाही. सुरुवातीला ती आवाज न चढवता, मुद्द्याला धरून बोलत होती. पहिला भाग गोड आहे पण तो शाळेतला आहे, माणसं मोठी झाल्यावर गुंतागुंत येतेच, वगैरे. खटावकर बाई मान डोलवत होत्या. मग ती शंतनूवर आली.

"तो वाईट नाहीये," ताई म्हणाली. "राग आवरत नाही त्याला, एवढंच. त्याच्या जागी बसून बघा जरा. एवढं ऊन, गाडी चालवून डोकं तापलेलं, आणि शेजारी हिचा फोन वाजतोय. कोण आहे विचारलं तर ही म्हणते, वर्गातला मुलगा आहे, नोट्स हव्यात त्याला. फोन परत वाजतो. मग त्यानं तो हातातून काढून घेतला आणि पुलावरून खाली टाकला. ओढाओढीत हिचं मनगट मुरगळलं, पण ते चुकून. मुद्दाम नाही केलं त्यानं. नंतर इतकं वाईट वाटलं त्याला की दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन..."

"कुठल्या पानावर आहे हे?" मी विचारलं.

ताई थांबली.

"पान सांग ना. तिसऱ्या भागात फोनच नाहीये. आणि शंतनूला गाडी चालवता येत नाही, तो बसनं फिरतो. पूलबिल काही नाही. तू वाचलंयस का नीट?"

काही मुली हसल्या. मी पुस्तक तिच्यापुढे धरलं. जिंकल्याचा आनंद मला होत होता, तो मला आजही आठवतो. "दाखव," मी म्हणाले. "कुठल्या पानावर तो हिचं मनगट मुरगळतो?"

ताईनं पुस्तक घेण्यासाठी हात पुढे केला. उजवा हात. बँडेज बांधलेला.

पुढच्या रांगेत बसलेल्या एका मुलीच्या आईनं तोंडावर पदर धरला. मी पुस्तक मागे घेतलं. ताई खाली बसली, आपल्या मनगटाकडे बघत, जणू ते तिनं पहिल्यांदाच बघितलं होतं.

आणि तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. संध्याकाळी ताईला घ्यायला रणजितची गाडी येणार हे ठरलेलंच होतं.

ताई उठली, पर्स उचलली. हॉर्न पुन्हा वाजला तशी तिची घाई वाढली, चपलेत पाय नीट जाईना. मी तिच्या पुढे पळत पायऱ्या उतरले आणि गाडीच्या दारापाशी जाऊन उभी राहिले. रणजितनं काच खाली केली. हसत विचारलं, "काय तेजू, कोण जिंकलं?"

"ताई माझ्याबरोबर चालत येणार आहे," मी म्हणाले.

"का?"

"चालत येणार आहे."

तो अजून हसतच होता, पण त्याची नजर माझ्यावरून मागे पायऱ्यांवर गेली. "हर्षदा, बस," तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात. ताई एक पायरी उतरली. त्या साध्या आवाजानं मला पहिल्यांदा त्याची भीती वाटली, आणि भीतीपेक्षाही जास्त चीड आली, की ह्या दोन शब्दांवर माझी ताई पायरी उतरते.

खटावकर बाई दारात आल्या होत्या. "हर्षदाला वेळ आहे अजून," त्या म्हणाल्या. "आमची चर्चा संपलेली नाही."

"किती वेळ लागेल?"

"ते काही सांगता येत नाही."

त्यांच्या मागून मंडळाच्या बायका येऊन पायऱ्यांवर उभ्या राहिल्या. मग मुली. नुसत्या उभ्या राहिल्या आणि गाडीकडे बघत राहिल्या. रणजितनं एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली, काच वर केली आणि गाडी एवढ्या जोरात मागे घेतली की कोपऱ्यावरच्या उसाच्या रसवाल्यानं मान वर करून बघितलं.

आम्ही दोघी संगमावरच्या घाटावर जाऊन बसलो. तिला माझा राग आला होता, आणि तो मला दिसत होता.

"पान विचारायची काय गरज होती?" शेवटी ती म्हणाली. "सगळ्यांसमोर?"

मग हळूहळू तिनंच सांगितलं. फोन कोयनेच्या पुलावरून टाकला होता. त्याआधी एकदा हॉटेलात सगळ्यांच्या देखत तो तिच्यावर ओरडला होता, कारण वेटरनं तिला आधी विचारलं. एकदा गाडीतच हात उगारला होता, मग खाली घेतला होता. आणि पुण्याच्या हॉस्पिटलातली इंटर्नशिप, जी मिळावी म्हणून तिनं वर्षभर धडपड केली होती आणि मिळाल्यावर 'मलाच नकोय' असं घरी सांगून सोडून दिली होती, ती त्यानं सोडायला लावली होती. दर वेळी तो नंतर रडायचा. खराखुरा रडायचा, ती म्हणाली. तिच्या मांडीवर डोकं ठेवून.

"मग तू तिसऱ्या भागाची बाजू का घेतलीस?" मी विचारलं. मला दुसरं काही सुचेना.

"मला तो आवडला नव्हता, तेजू," ताई म्हणाली. "पण आवडायला पाहिजे होता. त्यात सगळं ठीक होतं ना शेवटी. म्हणून मी शेवट परत परत वाचत होते."

मला त्या लेखिकेचा इतका संताप आला की ती समोर असती तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. पण ती समोर नव्हती. समोर ताई होती, आणि ती रडतही नव्हती.

घरी सांगायचं नाही असं ताईनं माझ्याकडून कबूल करून घेतलं. मी कबूल केलं आणि घरात शिरल्या शिरल्या सांगून टाकलं. ताई दारातच उभी राहिली. आई पोळ्या करत होती. तिनं तवा उतरवला, सगळं ऐकलं, आणि म्हणाली, "फोनच टाकला ना? माणूस तर नाही टाकला."

"आई!" मी म्हणाले.

"तापट असतात काही जण," आई म्हणाली. "सगळ्या पाहुण्यांना सांगून झालंय. हॉल धरलाय. आणि प्रेम असतं तिथंच राग असतो, परक्यावर कोण चिडतं?"

आईनं ते पुस्तक कधी हातातही धरलं नव्हतं. मी पुस्तकावर, लेखिकेवर, प्रकाशकावर सगळी आग पाखडून आले होते, आणि तेच वाक्य आमच्या स्वयंपाकघरात, पोळीच्या पिठानं भरलेल्या हातांनी, माझी स्वतःची आई बोलत होती. मी काय काय बोलले ते आता नीट आठवत नाही. एवढं आठवतं की आईला मी उलट उत्तर दिलं ते आयुष्यात पहिल्यांदा, आणि तिनं मला मारायला हात उचलला, आणि उचललेला हात तसाच धरून ती ताईच्या मनगटाकडे बघत राहिली.

पप्पा बाहेरच्या खोलीत टीव्हीपुढे होते. त्यांनी टीव्ही बंद केल्याचं आम्हाला कळलंच नव्हतं. ते आत आले.

"हाताचं पण त्यानंच केलं?" त्यांनी ताईला विचारलं.

ताईनं मानेनंच हो म्हटलं. पप्पा परत बाहेर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं नाही. सकाळी जगदाळ्यांना फोन करून एवढंच सांगितलं, की आम्हाला जरा थांबायचंय. पप्पांसारखा माणूस, मोठ्या घराशी बोलताना ज्याचा आवाज आपोआप खाली यायचा, त्याच्या तोंडून ते वाक्य निघायला किती कष्ट पडले ते मी दाराआडून बघितलं.

जगदाळे मंडळी आली ती समजूत काढायला. रणजितचे आई-वडील, ज्यांना आम्ही काका-काकू म्हणायचो, आणि स्वतः रणजित. काकूंनी पेढे आणले होते. रणजित खाली मान घालून बसला होता, डोळे लाल होते, आणि त्याच्याकडे बघून क्षणभर मलासुद्धा वाटलं, की खरंच पस्तावलाय हा. काका पप्पांशी लग्नघरात होणाऱ्या गैरसमजांबद्दल बोलत होते. काकू आईशी बोलत होत्या. मुलगा लहानपणापासून रागीट आहे, त्या म्हणाल्या, पण मनानं निर्मळ. राग आला की त्याला काही दिसत नाही. लग्न झालं, जबाबदारी पडली, की सगळे शांत होतात. आमचे हे नाही का झाले.

आई दोन दिवस फारसं काही बोलतच नव्हती.

ताई चहाचा ट्रे घेऊन आली. सगळ्यांना कप दिले, रणजितलाही दिला. मग आत न जाता ती काकूंच्या समोरच्या खुर्चीवर बसली.

"काकू, एक विचारू?" ती रणजितकडे हात करून म्हणाली. "हे तुमच्यावर कधी हात उगारतात?"

"अगं, आईवर कोण हात उगारेल?"

"काकांवर?"

काका कप खाली ठेवून तिच्याकडे बघायला लागले.

"बांधकामाची बिलं अडकवून ठेवणाऱ्या साहेबांवर?" ताई म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नव्हता. "ते मला सांगतात, साहेब किती छळतो. त्याचा फोन कधी फेकला ह्यांनी?"

रणजितनं मान वर केली. "हर्षदा, बाहेर चल, आपण बोलू," तो म्हणाला. तोच साधा आवाज.

ताई उठली नाही. "म्हणजे राग आला की ह्यांना दिसत नाही असं नाहीये, काकू. ह्यांना चांगलं दिसतं. समोर कोण आहे ते बघूनच ह्यांचा राग आवरतो किंवा आवरत नाही."

काकूंनी आईकडे बघितलं. आपल्या वयाची, आपल्यासारखीच एक बाई, ती तरी समजून घेईल, अशा नजरेनं. आई उठली आणि आत गेली. मला वाटलं, ती आता रडत बसणार. कपाट उघडल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात साखरपुड्याची साडी होती, नीट घडी घातलेली, त्यावर अंगठीची डबी आणि त्यावर तो नवाकोरा फोन. तिनं सगळं काकूंच्या शेजारी दिवाणावर ठेवलं, पेढ्यांचा बॉक्ससुद्धा उचलून त्याच्यावर ठेवला.

"चहा घ्या," आई म्हणाली. "गार होईल."

चहा कुणी घेतला नाही. काका उठले, रणजित त्यांच्याआधीच खाली उतरून गेला होता. गाडीचं दार आपटल्याचं ऐकू आलं. पप्पा त्यांना सोडायला जिन्यापर्यंत गेले, कारण आलेल्या माणसाला जिन्यापर्यंत सोडणं त्यांच्या अंगात भिनलेलं होतं. जिन्याच्या वळणावर काकू थांबल्या. साडी त्यांनी छातीशी धरली होती. त्या वळल्या, आणि का कुणास ठाऊक, त्यांची नजर वर दारात उभ्या असलेल्या माझ्यावर पडली. वाचनालयातली हकिगत तोवर गावभर झाली होती.

"ही पुस्तकं वाचून असं होतं," त्या म्हणाल्या. "नको ते डोक्यात भरतं पोरींच्या."

माझ्या जिभेवर किती उत्तरं गोळा झाली होती. पण मी तोंड उघडायच्या आधी ताई माझ्या मागून पुढे आली आणि जिन्याचा कठडा धरून उभी राहिली.

"पुस्तकातल्या मुलीनं तर त्याला माफ केलं होतं, काकू," ती म्हणाली.